विकलेल्या गाडीचं ॲव्हरेज

नवापूरच्या रेल्वे स्टेशनावर एक बाक आहे. बाकाच्या मधोमध रेघ. रेघेच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे गुजरात. तिकीट महाराष्ट्रात काढायचं आणि गाडी लेट का, हे विचारायला स्टेशन मास्तरांकडे गुजरातेत जायचं. १ मे १९६० ला दोन राज्यं वेगळी झाली तेव्हा स्टेशन आधीपासून बसलेलंच होतं, ते उठून कुठं जाणार? बाहेरगावची माणसं या बाकावर दोन राज्यांत ऐसपैस बसून फोटो काढून घेतात. फोटोवाले पांगले की संध्याकाळी आमचं मंडळ बसतं. स्टेशनात बसून आम्ही गाड्यांच्याच गप्पा मारतो, पण त्या रुळावरच्या नव्हेत, रस्त्यावरच्या. आणि खरं सांगायचं तर आता रस्त्यावरही नसलेल्या.

मंडळात आडनाव चालत नाही. ज्याने जी गाडी आयुष्यात सगळ्यात जास्त मिरवली ती त्याच्या नावाला चिकटते. मग त्या गाडीच्या पत्र्याच्या बादल्या झाल्या तरी बेहत्तर. पद्मिनीकाका निवृत्त हेडमास्तर. काँटेसाशेठांचं कापडाचं दुकान. लान्सर डॉक्टर हे खरोखरचे डॉक्टर. पॅलिओ हा डॉक्टरांचा भाचा, वय वर्षं ४८, तरी मंडळात ‘पोरगं’. आणि पाचवा मी. माझ्या जुन्या गाडीचं नाव मी घेत नाही, पूर्वी बायका नवऱ्याचं घेत नसत तसं. फारच आग्रह झाला तर उखाण्यात घेईन म्हणतो, पण पेट्रोलला ‘कंट्रोल’ एवढं एकच यमक सापडतं, आणि तिच्या बाबतीत ते धादांत खोटं ठरेल.

आमच्या गप्पांची सुरुवात वेगापासून होते आणि शेवट ॲव्हरेजपाशी. जगात इतरत्र ‘ॲव्हरेज’ म्हणजे सरासरी. परीक्षेच्या मार्कांची, पावसाची, फलंदाजाची. आपल्याकडे मात्र ॲव्हरेज म्हणजे एका लिटरात गाडी किती किलोमीटर जाते ते. आणि गाडी ते ‘देते’. म्हैस दूध देते, तसं. “कितलं ॲव्हरेज देस भो?” असं साक्रीकडचा माणूस विचारतो, “केटलुं आपे छे?” असं उच्छलचा विचारतो. मारुतीच्या जाहिरातींनी हाच प्रश्न हिंदीतून देशभर नेला, पण आमच्याकडे त्याला भाषांतराची गरज नव्हती. नवापुरात नवी गाडी दारात उभी राहिली की पेढा तोंडात जायच्या आधी प्रश्न येतो. रंग, इंजिन, सीट, सगळं नंतर.

याची गंमत मला सारंगखेड्याला कळली. दत्तजयंतीला तिथे तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. काय एकेक जनावर! गिऱ्हाईक चाल बघतं, कान बघतं, अंगावरचे भोवरे बघतं, मानेवर हात फिरवतं. दिवसभर फिरलो, पण एकाही माणसाने “हरभरा किती खातो?” असं विचारलेलं ऐकलं नाही. विचारलं असतं तर मालकाने त्याला म्हशींचा बाजार दाखवला असता. आम्हा गाडीवेड्यांचं दुखणं इथेच आहे. आम्ही हौसेनं घोडा घेतो आणि घरी आणल्यावर रोज सकाळी त्याच्याखाली चरवी घेऊन बसतो.

मंडळातले ज्येष्ठ घोडेस्वार म्हणजे काका. प्रीमिअर पद्मिनीला कोणी स्पोर्टी म्हणेल का, असं आजच्या पोरांना वाटेल. त्यांनी ती पाहिली असेल ती मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून, आणि तीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पण तिच्या ऐन उमेदीत या देशात पर्याय कोणते होते? एक अँबॅसॅडर, दुसरी ही. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट, १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसेक घोड्यांची ताकद. अँबॅसॅडरच्या मानाने ती हरणीसारखी वळायची. शोलावरमच्या शर्यतींत आणि रॅल्यांत हौशी मंडळी हीच फियाट घासूनपुसून उतरवायची. गिअरचा दांडा स्टिअरिंगला. काका अजूनही चहाचा कप उचलताना मनगट असं काही वळवतात की दुसऱ्याचा तिसरा पडला हे आम्हाला ऐकू येतं. मुलगा झाला तेव्हा काकांनी गाडीसाठी नाव नोंदवलं. मुलगा बालवाडीत गेला तेव्हा गाडी आली. एवढी वाट पाहिल्यावर तिच्यात खोट काढायची हिंमत कोणाची?

काका ॲव्हरेज सांगतात ते गॅलनला मैलात. “लांबच्या रस्त्याला गॅलनला ४० मैल!” पेट्रोल त्यांनी जन्मभर लिटरनेच भरलं, पण आठवतात गॅलन. यात हेडमास्तरी धूर्तपणा आहे. ऐकणाऱ्याने आधी मैलांना १.६ ने गुणायचं, मग ४.५४ ने भागायचं; उत्तर येईपर्यंत काका पुढच्या घाटात पोचलेले असतात.

“आणि पेट्रोल तरी काय स्वस्त होतं का?” काका विचारतात. १९७३ साली अरबांनी तेल आखडतं घेतलं आणि इथे भाव भडकले, तेव्हा वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. ही गोष्ट निघाली की शेठ न चुकता विचारतात, “बैलगाडीनं ॲव्हरेज किती दिलं?” काका न चुकता उत्तर देतात, “पेंढीला दोन मैल.” गेली अकरा वर्षं हा संवाद मी ऐकतो आहे. पेंढीचं ॲव्हरेज तेवढं अजून वाढलेलं नाही, कारण बैलगाडी यांच्यापैकी कोणी विकलेली नाही.

आता माझा मुद्दा सांगतो, कारण त्यासाठीच हा लेख आहे. फार वर्षं निरीक्षण करून मी एक नियम काढला आहे: गाडी विकली की तिचं ॲव्हरेज दर वर्षी अर्ध्या किलोमीटरने वाढतं. गाडी दारात असते तेव्हा ती फक्त खाते. ती गिऱ्हाइकाच्या दारात जाते त्या संध्याकाळपासून तिची तब्येत सुधारायला लागते.

काँटेसाशेठांचंच घ्या. १९८४ साली हिंदुस्तान मोटर्सने ही गाडी आणली. अंग व्हॉक्सहॉलचं, विलायती, लांबरुंद. काळीज मात्र सुरुवातीला अँबॅसॅडरचंच. म्हणजे पहिलवानाला मुलाच्या शाळेचा डबा. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं आणि पहिलवानाला खुराक मिळाला. शेठांची होती ती ही. खुराक काय होता हे शेठांनी गाडी असताना कधी सांगितलं नाही. पंपावर ते तोंड फिरवून वर्तमानपत्र वाचत. १९९९ मध्ये गाडी विकली तेव्हा म्हणाले, “नऊ द्यायची.” २००५ मध्ये बारा झाले. मागच्या दिवाळीला शेठ म्हणाले, “काँटेसा? हायवेला २२ सहज.” नियमाला बाधा येत नाही. आणखी वीस-पंचवीस वर्षं शेठांना आयुष्य लाभलं तर ती गाडी टाकीत पेट्रोल परत सोडायला लागेल.

नियमाचं दुसरं कलम वेळेचं आहे. लान्सर डॉक्टरांची गाडी १९९८ नंतरची, मित्सुबिशीची, रॅलीवाल्यांची लाडकी. तेव्हा आमच्या गावावरून जाणारा हायवे सहा नंबरचा, दुपदरी, ट्रकांनी गच्च भरलेला. आता त्याचा नंबर ५३ झाला आणि पदर चार झाले. त्या जुन्या रस्त्याने डॉक्टर म्हणे नवापूरहून सुरतेला पावणेदोन तासांत जात. मग दीड तासात जाऊ लागले. सध्या सव्वा तासावर आलेत. रस्ता होता तेव्हा जी गाडी ट्रकमागे रांगेत उभी होती, ती आता रस्ता आणि गाडी दोन्ही नसताना सुसाट सुटली आहे. “आणि ॲव्हरेज, डॉक्टरसाहेब?” “सोळा!” वास्तविक वेग वाढला की हवा वेगाच्या वर्गाच्या पटीत अडवते, ताशी ६० चे १२० केलेत तर हवेचा विरोध चौपट. म्हणून तर पेट्रोल वाचवा म्हणणारे सरकारी फलक ताशी ४५ ते ५५ चा सल्ला द्यायचे. पण हे विज्ञान दारातल्या गाडीला लागू. आठवणीतल्या गाडीला हवा लागत नाही.

पॅलिओच्या बाबतीत मात्र सगळ्यांचं मत एक. २००१ साली फियाटने तिचं १.६ लिटरचं १०० घोड्यांचं इंजिन आणलं आणि जाहिरातीला साक्षात सचिन उभा केला. पोरगं तेव्हा खरोखरच पोरगं होतं. शोरूममधून बाहेर पडलं ते सचिनने षटकार मारल्यासारखं. ती पिते अशी तिची देशभर ख्याती होती आणि गावातल्या मुली देतानाही लोक तेवढी चौकशी करत: “मुलगा पीत नाही ना?” “मुलगा नाही, गाडी पिते.” पोरग्याला हे अजून लागतं. “मामा, ती पीत नव्हती,” तो म्हणतो, “चव घ्यायची.” आणि नशिबाची थट्टा बघा. याच फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन पुढे स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत इतक्या कंपन्यांच्या बॉनेटखाली गेलं, की लोक त्याला ‘देशाचं इंजिन’ म्हणू लागले. उधळ्या म्हणून ज्या घराण्याला नावं ठेवली, त्याच घराण्याने देशाला सगळ्यात काटकसरी सून दिली. २०२० च्या नव्या प्रदूषण नियमांनी तीही माहेरी गेली.

हौस आणि काटकसर एका माणसात कशी नांदते हे पाहायचं असेल तर काकांबरोबर धुळ्याहून परत या. मी आलोय. काकांची आताची गाडी नवी आहे, इंजेक्शनवाली, मुलाने घेऊन दिलेली. दहिवेल मागे पडलं, घाट जवळ आला, की काका सावरून बसतात, चष्मा पुसतात. कोंडाईबारीचा उतार लागला की डाव्या हाताने गिअर अलगद न्यूट्रलला आणतात आणि “हं!” म्हणतात. त्या “हं”मध्ये पेट्रोल कंपन्यांना हरवल्याचं समाधान असतं. मागे कांद्याचा ट्रक हॉर्नवर झोपलेला, पुढे वळण, आणि काका ब्रेकवर हलके हलके पाय देत विसरवाडीच्या दिशेने तरंगत निघालेले. ब्रेकचा वास यायला लागला तेव्हा मी धीर करून म्हटलं, “काका, कार्बोरेटरच्या गाडीत ठीक होतं. या गाडीत गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलात तर इंजिनाला जाणारं पेट्रोल आपोआप बंद होतं. न्यूट्रलला उलट ते चालू राहायला थोडं थोडं पेट्रोल पितं.” काका तीन वळणं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षं मी वाचवलेलं ही गाडी आता पिते आहे?” त्यांनी गिअर टाकला, इंजिन गुरगुरलं, आणि विसरवाडीपर्यंत काका एखाद्या नास्तिकाने आरतीला उभं राहावं तसे बसून होते. पुढच्या खेपेला घाट आला तेव्हा पुन्हा न्यूट्रल, पुन्हा “हं!”. श्रद्धेला इंजेक्शन लागू पडत नाही.

आमच्या ॲव्हरेजला आणखी एक बाजू आहे, जी पुण्या-मुंबईला कळायची नाही. पेट्रोल जीएसटीत नाही. ज्याचा त्याचा कर ज्याच्या त्याच्या राज्याचा. त्यामुळे हल्ली काही वर्षं सीमेपलीकडचं पेट्रोल आमच्यापेक्षा लिटरमागे नऊ-दहा रुपयांनी स्वस्त. साहजिकच एमएच ३९ च्या गाड्या तिकडे जातात. आणि गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे संध्याकाळी जीजे २६ च्या काही गाड्या इकडे येतात. हेतू दोन्हीकडे एकच, टाकी फुल करणं. टाकी कुठली ते राज्यावर अवलंबून.

मंडळाची पेट्रोलवारी रविवारी सकाळी निघते. गाडी एक, माणसं पाच. पंपावर शून्य बघायला दोघं, टाकी गळ्याशी आल्यावर गाडी गदागदा हलवायला दोघं, आणि “बसेल अजून, बसेल!” म्हणायला काका. त्या पोऱ्याला वाटतं, हे लोक पेट्रोल भरतायत की पोत्यात कापूस? हिशेब मी एकदा मांडला होता. ३० लिटर, लिटरमागे नऊ रुपये, वाचले २७०. जाऊन-येऊन एका लिटराचं जळलं, गेले ९५. उरले १७५. तिथं गरम फाफडा दिसला. पाच माणसांचा फाफडा, जलेबी, चहा मिळून २५०. म्हणजे ७५ रुपये खिशातून घालून आम्ही बचत केली. शेठ म्हणाले, “फाफड्याचं ॲव्हरेज धरू नका, ते भांडवली खर्चात जातं.” कापडाच्या दुकानात माणूस काय काय शिकतो!

त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. तालुक्यात डोकारेला साखर कारखाना आहे, ऊस आम्हाला परका नाही. पण त्याचा रस थेट टाकीत जाईल असं वाटलं नव्हतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घसरतं हे ओघानेच आलं. डॉक्टरांनी यावर एकच टिपणी केली: इथेनॉल म्हणजे शेवटी अल्कोहोलच. तेव्हा सीमेपलीकडे माणसाला बंदी, गाडीला २० टक्के सूट. त्या दिवशी काँटेसाशेठ बराच वेळ गाडीच्या टाकीकडे हेव्याने बघत होते.

मग कंपन्या सांगतात ते ॲव्हरेज कुठून येतं? ते येतं पुण्याहून, वेताळ टेकडीवरून. तिथे १९६६ पासून एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था आहे. गाडीची चाकं रोलरांवर ठेवतात. चाकं फिरतात, गाडी जागच्या जागी. वीस मिनिटांचा ठरलेला कार्यक्रम, कमाल वेग ताशी ९०, एसी बंद. त्या खोलीत घाट नाही, कांद्याचा ट्रक नाही, रस्त्यात बसलेली गाय नाही, मागच्या सीटवर “एसी लावा की!” म्हणणारं कोणी नाही. अशा वातावरणात माणूससुद्धा उत्तम ॲव्हरेज देईल. पोरग्याचं म्हणणं असं की आपला बाक ही एआरएआयची नवापूर शाखाच आहे. आमच्याही गाड्या जागच्या जागी पळतात, आणि तिथल्यापेक्षा जास्त देतात.

या सगळ्यात मी स्वतःला वेगळा समजत होतो. कारण मी वही ठेवली होती. त्या बिननावाच्या गाडीच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, दर वेळी टाकी फुल करून: तारीख, मीटर, लिटर, रुपये. वही कुठे गेली माहीत नव्हतं, पण त्यातला आकडा माझ्या तोंडात पाठ होता, साडेपंधरा. बाकावर माझा शब्द म्हणूनच चाले. “त्यांचं लेखी आहे,” असं काका म्हणत.

मागच्या महिन्यात माळा आवरताना घरून हाक आली, “ही तुमची पेट्रोलची वही. रद्दीत घालू?” मी धावलो. निळी वही, कोपरे उंदरांनी चाखलेले, आतल्या पानांना अजून पेट्रोलचा पुसट वास. घरी उघडून बघण्याचा मोह टाळला आणि तशीच स्टेशनावर नेली. मंडळासमोरच उघडायची. काकांनी चष्मा पुसला. शेठांनी गणकयंत्र काढलं. पोरग्याने मोबाइलचा उजेड धरला.

शेठ मोठ्याने वाचू लागले. “३१२ किलोमीटर, ३५ लिटर.” गणकयंत्र टुकटुकलं. “८.९.” कोणी काही बोललं नाही. पुढचं पान. ९.१. पुढचं. ८.७, त्यापुढे माझ्याच अक्षरात शेरा, ‘लग्नाला गेलो, सहा माणसं’. पुढचं पान, ८.८. एका नोंदीपुढे नुसतंच ‘देवा!’ लिहिलेलं. सुरत पॅसेंजर आली, फलाटावर चार भाषांत घोषणा झाल्या, गाडी दोन राज्यांतून एकदम सुटली, तरी आमच्यात शांतताच. माझं दुःख मोठं नव्हतं. मोठी भीती निराळी होती. लेखी जर ८.९ निघालं, तर तोंडी २२ चं, सोळाचं आणि गॅलनचं काय व्हायचं? प्रत्येकाच्या घरी माळा होता.

अखेर काकांनी वही हातात घेतली. पान उजेडाला धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. हेडमास्तर पेपर तपासताना कच्च्या मुलाला पास करायची जागा शोधतात, तसा तो चेहरा होता.

“अरे,” काका म्हणाले, “हे मैल आहेत.”

“काय?”

“मीटर मैलाचं असणार. जुन्या गाडीला असायचंच. ८.९ गुणिले १.६.”

शेठांची बोटं चालली. “१४.२४!”

“वर्षं किती झाली विकून?” डॉक्टरांनी विचारलं.

“अठरा.”

“मग बरोबर जुळतंय,” डॉक्टर म्हणाले. कशाशी जुळतंय, हे कोणी विचारलं नाही. पोरग्याने चहा सांगितला. काकांनी मनगट वळवून कप उचलला, तिसरा पडला.

मीटरवर ‘किमी’ लिहिलेलं मला स्वच्छ आठवत होतं. वहीतही मीच दर ओळीत ‘किमी’ लिहिलं होतं. मी खिशातलं पेन काढलं. पण महाराष्ट्रात बसून सरकारी मापात खाडाखोड करणं जिवाला बरं वाटेना. म्हणून आधी बाकावर रेघेपलीकडे, जरासा गुजरातेत सरकलो.